पोटातले जिवाणू आणि हृदयाचा ठेका

राहू बेटातून हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुणे गाठावं लागतं. पेशंट घरी परतला की औषधांची पिशवी आणि जेवणाचं ताट, दोन्ही बहुतेक घरांत बाईच्याच हाती येतात. या दोन्हींचा संबंध आज समजून घेऊ.

ऑपरेशननंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काहींच्या हृदयाचा ठेका चुकतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात. बायपासनंतर साधारण चौघांतल्या एकाला असं होतं. बऱ्याचदा ते औषधांनी थांबतं. पण थरथरत्या कप्प्यात रक्त साकळलं आणि गुठळी मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो.

यात पोट कुठे आलं? भाकरी, डाळ, भाजीतल्या चोथ्यावर आतड्यातले जिवाणू जगतात आणि सूज आवरणारे पदार्थ बनवतात. ऑपरेशनच्या वेळचा उपास, अँटिबायोटिक आणि शरीरावरचा ताण यांनी त्यांची घडी विस्कटते. त्यामुळे वाढलेली सूज हृदयाचा ठेका बिघडवत असावी, असं संशोधकांना वाटतं. मात्र हे अजून सिद्ध झालेलं नाही.

शिवाय सगळ्यांचं पोट सारखं नसतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. 2012 साली छापलेल्या त्या अभ्यासात वयानुसार फरक दिसला. म्हणून 'जिवाणूंची पावडर घ्या, हृदय सुधारेल' असं कुणी सांगितलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट मात्र पक्की आहे. झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फरिन देतात. आतड्यातले काही जिवाणू के जीवनसत्त्व बनवतात, ते रक्त गोठायला मदत करतं. खोकला झाला म्हणून मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणलं, तर गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मेथी-पालक बंद करू नका, पण प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

रोज सकाळी पेशंटच्या मनगटावर, अंगठ्याखाली तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. ठोके वेडेवाकडे लागले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा.