आर्मर केबलचे टोक आणि अर्थिंग



रात्रीच्या पाळीची वीज आली की ओल्या पायांनीच आपण स्टार्टरकडे जातो. त्या वेळी आपला जीव केबलच्या दोन टोकांवर अवलंबून असतो. म्हणून स्टार्टरपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत जाणाऱ्या आर्मर केबलची ही माहिती.

आर्मर कशासाठी?

केबलच्या आतल्या व बाहेरच्या आवरणांमध्ये जस्त चढवलेल्या पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे वेष्टण असते, तेच आर्मर. कुदळीचा घाव लागला तर ते केबल वाचवते. पण आतली तार सोलून आर्मरला टेकली आणि आर्मरला अर्थ नसला, तर आर्मरमध्ये व त्याला लागलेल्या मोटारीच्या बॉडीत वीज उतरते. फ्यूज जात नाही, मोटार चालूच राहते आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो.

टोक कसे बांधावे?

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण जवळ उभे राहून पाहा.

१) मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. तिन्ही फेजवर टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी.

२) केबलच्या मापाचाच ग्लँड घ्यावा, उघड्यावर डबल कॉम्प्रेशनचा. त्याचे मागचे भाग आधी केबलवर ओवावेत.

३) बाहेरचे आवरण सोलून आर्मरच्या तारा करवतीने अर्ध्या कापाव्यात व वाकवून तोडाव्यात. आतल्या आवरणाला करवत लागू देऊ नये.

४) उरलेल्या तारा फुलासारख्या पसरून ग्लँडच्या कोनावर चहूबाजूंनी बसवाव्यात व नट आवळावा. तारा मुळापासून छाटणे किंवा मागे दुमडून नुसती बाइंडिंग वायर गुंडाळणे चूक.

५) कोरच्या टोकांना मापाचे लग क्रिंप करावेत. सैल जोड तापतो व जळतो.

६) ग्लँडला अर्थ टॅग लावून त्यापासून पेटीच्या अर्थ बोल्टपर्यंत तार न्यावी. बोल्टाजवळचा रंग खरवडावा. मोटारीकडचे टोकही असेच बांधावे.

अर्थिंग पुरेसे आहे का?

नुसत्या आर्मरवर विसंबू नका. तीन फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, असा नियम आहे. नेवासे-श्रीरामपूरकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पारनेरकडे मुरूम-खडक लागतो. कोरड्या जागी अर्थिंग कमजोर पडते. म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे.

हिशेब करून पाहा. खड्ड्याचा रोध १० ओहम असला, तर २३० व्होल्टला फार तर २३ अँपिअर वाहतील. २० अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने लगेच जाईलच असे नाही. तोवर बॉडीत वीज राहते. म्हणून अर्थिंगच्या जोडीला गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून पाहा. अर्थची तार न्यूट्रलला मात्र कधीही जोडू नका.

मृगापूर्वी वायरमनला बोलावून केबल मेगरने तपासून घ्या, ग्लँड आवळून घ्या. तासाभराचे काम आहे. घरातला माणूस मोलाचा आहे.