भ्रूणाचे पहिले चौदा दिवस

गर्भाशयात भ्रूण रुजण्याचा काळ मानवी दृष्टीस जवळजवळ अगोचर असतो. अनेक गर्भ मात्र याच काळात नष्ट होतात. त्याची कारणे शोधण्यास मूलपेशी साहाय्यभूत ठरत आहेत. शरीरातील कोणतीही पेशी घडविण्यास समर्थ अशा या पेशी १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मिळविल्या. त्यासाठी भ्रूण मोडावा लागे. २००७ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ मानवी त्वचेच्या पेशींपासून तशाच पेशी सिद्ध केल्या. २०२३ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जेकब हान्ना यांच्या गटाने बीजांड व शुक्राणूविना, केवळ मूलपेशींपासून, चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी रचना घडविली. ती भ्रूण नव्हे. तथापि प्रतिकृती मूळ भ्रूणाच्या जितकी समीप जाईल, तितका संशोधकाचा विवेकही जागृत राहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.