तारे किती, आणि कोणासाठी?

आमच्या अब्बांनी सव्वीस वर्षं काळी-पिवळी टॅक्सी चालवली. गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मागच्या सीटला पट्टा नव्हता आणि कोणाला त्याची आठवणही नव्हती. जोरात ब्रेक मारायची वेळ आली की अब्बांचा डावा हात स्टिअरिंग सोडून आपोआप शेजारी बसलेल्याच्या छातीवर आडवा यायचा. आम्ही भावंडं लहान असताना पुढच्या सीटवर दोघं-तिघं दाटीवाटीने बसायचो आणि तो हातच आमचा सीट बेल्ट होता. अल्लाहच्या कृपेने त्या हाताची खरी परीक्षा कधी झाली नाही.

परीक्षा झाली २०१२ मध्ये. तेव्हा घरात एक जुनी सात आसनी गाडी होती. कंपनी कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक गाडीची नव्हती, आमची होती. अंधेरीहून घाटकोपरला आपाकडे जेवायला निघालो होतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पवईजवळ एक हातगाडी अचानक आडवी आली. वेग फार तर तीस-पस्तीसचा असेल. धडक झालीच नाही, नुसता ब्रेक लागला. पण दोन वर्षांची भाची पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होती. ती हातांतून सुटली आणि डॅशबोर्डवर आपटली. ओठ फाटला, दुधाचे दोन दात गेले. भाभी आजही सांगते, "मी घट्ट धरलं होतं." खरंच धरलं होतं.

घट्ट धरून भागत नाही, हे आम्हाला पुढे कळलं. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळून जागीच थांबली, तर दहा किलोच्या बाळाचा भार त्या क्षणी हातांवर दीडशे-दोनशे किलोंसारखा येतो. कोणत्या आईचे हात तेवढं पेलतील? ममता आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या दिवसानंतर घरात गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न मायलेजचा राहिला नाही. पण गाडी सुरक्षित आहे की नाही हे आपल्यासारख्यांनी ओळखायचं कसं? दार जाड वाटतं, बंद करताना 'धप्प' आवाज येतो, म्हणजे गाडी मजबूत, असं आपल्याकडे सर्रास मानतात. आम्हीही तेच मानायचो. उंच, जड, जीपसारखी दिसणारी गाडी म्हणजे किल्ला.

हा समज मुंबईच्या उपनगरात रुजायला एक कारण आहे. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्रचा जुना कारखाना आहे. बोरिवली-मालाड भागातल्या कित्येक घरांत तिथे नोकरी केलेलं कोणी ना कोणी सापडतं. या कंपनीचं मूळ नाव आजच्या पिढीला ठाऊक नसतं. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांना भागीदार घेऊन पोलादाचा व्यापार सुरू केला आणि पेढीचं नाव ठेवलं 'महिंद्र अँड मोहम्मद'. गुलाम मुहम्मद अलीगढचे पदवीधर. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. असं सांगतात की कागदांवर 'एम अँड एम' ही अक्षरं आधीच छापलेली होती, त्यामुळे बदल सोपा गेला. किस्सा खरा असो वा नसो, अब्बा तो मोठ्या चवीने सांगायचे.

पोलादाकडून कंपनी गाड्यांकडे वळली ती अमेरिकन विलीज जीपमुळे. सुटे भाग आणून माझगावात जोडणी सुरू झाली. पुढे कांदिवलीत ट्रॅक्टर आले, नाशिकचा कारखाना आला, २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. खड्डे, चढ, पाणी, ओझं या सगळ्याला टिकणारी गाडी अशी तिची ख्याती. पण रस्त्याला टिकणं वेगळं आणि धडकेत आतल्या माणसाला वाचवणं वेगळं.

हा फरक २०१६ मध्ये चव्हाट्यावर आला. ग्लोबल एनकॅप नावाची ब्रिटनमधली संस्था २०१४ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या धडकवून पाहत होती. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आपटायची, पुढच्या भागाचा ४० टक्के हिस्सा त्यावर येईल अशी. आत माणसांचे आणि मुलांचे पुतळे, त्यांच्या डोक्यात, मानेत, छातीत मोजमापाची यंत्रं. पहिल्या फेरीत नॅनो, अल्टो यांसारख्या गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओलाही शून्य. आमच्या मोहल्ल्यात हे कोणी मानायला तयार नव्हतं. "एवढी भक्कम गाडी!" पण धडकेचा जोर जायला कुठेतरी जागा लागते. गाडीचं नाक चुरगळून तो जोर शोषून घेत असेल आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहत असेल, तर आतला माणूस वाचतो. उंची आणि वजन पाहून हे कळत नाही.

इथून पुढची गोष्ट आम्हाला विशेष वाटते. याच कंपनीच्या मराझ्झोला डिसेंबर २०१८ मध्ये चार तारे मिळाले. त्याच वेळी टाटांची नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली होती. जानेवारी २०२० मध्ये महिंद्रच्या एक्सयूव्ही ३०० ला पाच तारे आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला तेच. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. शून्यापासून पाचापर्यंत साडेसहा वर्षं. कंपनीला उपरती झाली असं आम्ही म्हणणार नाही. सरकारने नियम आणले होते: २०१७ पासून नव्या मॉडेलना धडक चाचणी, १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची. शिवाय गिऱ्हाईक तारे विचारू लागलं होतं. कारण काही असो, गाड्या बदलल्या हे खरं.

आम्ही गाडी घेतली २०२१ मध्ये. व्याजाचं कर्ज काढायचं नाही हे घरात आधीपासून ठरलेलं. म्हणजे नवी कोरी गाडी बाद. तिघा भावांनी चार वर्षं दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले, जुनी गाडी विकली, आणि त्या पैशांत दोन वर्षं वापरलेली आठ आसनी मराझ्झो बसली. ही गाडी बाजारात फारशी चालली नाही, त्यामुळे जुनी परवडली. लोक विचारायचे, "ही का घेतली?" आम्ही म्हणायचो, चार ताऱ्यांची आठ आसनी गाडी आमच्या पैशांत दुसरी नव्हती.

घेताना एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नव्हती. ते चार तारे मोठ्यांसाठी होते. मुलांसाठीचे तारे वेगळे मोजतात आणि तिथे या गाडीला दोनच होते. जाहिरातीत मोठा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, दुसरा शोधावा लागतो. हे कळल्यावर दोन रात्री घरात बोलणं झालं. शेवटी धाकट्यासाठी मुलांची वेगळी सीट घेतली आणि ती मधल्या रांगेत, सीटच्या फटीत दिलेल्या लोखंडी कड्यांना अडकवली. साडेसात हजार रुपये गेले. भाईजान म्हणाला, "एवढ्यात पोराचा पाळणा आला असता." भाभीने फक्त भाचीच्या ओठावरच्या खुणेकडे बोट दाखवलं.

गाडी वापरायला कशी, असं नातेवाईक विचारतात. गल्लीत लांब पडते. रात्री दहानंतर आलो की मशिदीच्या मागच्या बोळात जागा शोधत फिरावं लागतं. शहरात लिटरला अकरा-बारा किलोमीटर, गावच्या वाटेवर पंधरा. मागच्या रांगेपर्यंत गार हवा पोचते, म्हणून पूर्वी घाटात ज्यांना मळमळायचं ती मुलं आता झोपून जातात.

सगळ्यात अवघड काम होतं पट्टे लावून घेण्याचं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागातली, सर्व सोयींची. पुढे बसलेले दोघं वाचले, मागे बसलेले दोघं गेले, आणि मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. तोवर आमच्याकडेही मागे पट्टा लावणं म्हणजे भित्रेपणा होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा बंधनकारक केला. कायद्यात तो आधीही होताच. दंड एक हजार रुपये, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना बसवलं तरी तेवढाच. सरकारी अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेले १६,७१५ लोक देशात अपघातात मेले. त्यांतले जवळपास निम्मे चालक नव्हते, सोबत बसलेले होते.

दादी ऐकेनात. "मौत का वक्त मुकर्रर है," असं म्हणून त्या पट्टा मांडीखाली दाबून बसायच्या. त्यांच्याशी वाद कोण घालणार? शेवटी आठ वर्षांची नात म्हणाली, "दादी, आधी उंट बांधायचा ना?" गोष्ट त्यांनीच तिला सांगितलेली. दादी गप्प बसल्या आणि पट्टा ओढून घेतला.

बायकांची अडचण खरी होती. बुरखा आणि ओढणीवरून पट्टा सरकतो, मानेला घासतो. त्यावर आम्हाला जमलेला उपाय असा: पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर खाली बसवायचा, वरचा भाग खांद्याच्या मधोमध आणि छातीच्या मध्यातून न्यायचा, कपडा पट्ट्याखाली सपाट करायचा, गोळा राहू द्यायचा नाही. ओढणीची पिन पट्ट्याच्या वाटेत नको. धाकटी भाभी गरोदर असतानाही असाच लावायची, खालचा पट्टा पोटाच्या खालून. पट्टा न लावणं हा त्या दिवसांतही उपाय नव्हे. एअरबॅगही पट्टा लावलेल्यालाच नीट सांभाळते. बिनपट्ट्याचा माणूस फुगणाऱ्या पिशवीवर नको तेवढ्या जोराने जाऊन पडतो.

हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला. त्याआधी तो लढाऊ विमानांच्या खुर्च्यांवर काम करायचा. व्होल्वोने पेटंट घेतलं, पण इतर कंपन्यांना ते वापरायला मोकळं ठेवलं. पद्मिनी बनवणाऱ्यांनाही ते मोकळंच होतं, हे आठवलं की आम्हाला अब्बांचा तो आडवा हात दिसतो.

घरात आता एकच नियम कडक आहे: जेवढे पट्टे तेवढी माणसं. आम्ही नऊ आहोत आणि गाडीत आठ. पूर्वी नववा माणूस म्हणजे कोणाच्या तरी मांडीवरचं मूल असायचं. गेल्या बकरी ईदला म्हसळ्याजवळच्या गावी निघालो तेव्हा भाईजान पहाटे दिव्याला गेला, सावंतवाडी पॅसेंजर पकडली आणि माणगावला उतरला. आम्ही त्याला स्टेशनवरून घ्यायला गेलो तर एसटीने परस्पर गावी निघून गेला होता. मागे जागा नाही हे त्याला आमच्याआधी सुचलं. गावात लोक हसले. "गाडी असून ट्रेनने?" त्याने सांगितलं की खिडकीची जागा मिळाली, झोप झाली.

आता गाडी बदलायचा विचार मुलुंडच्या धाकट्या बहिणीचा आहे. तिच्या नवऱ्याला आमचं पाहून महिंद्रच हवी. आम्ही तिला सांगितलं, नावावर जाऊ नकोस. याच कंपनीच्या बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये एकच तारा मिळाला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थार रॉक्सला पाच, तेही आपल्या सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत. बिल्ला एक, गाड्या वेगळ्या. शिवाय चाचणी ज्या मॉडेलची झाली तेच तू घेतेस का, सगळ्या जागांना तीन टोकांचे पट्टे आहेत का, एअरबॅग किती, हे बघ.

गेल्या रविवारी ती एका शोरूममध्ये गेली. विक्रेत्या मुलाने उत्साहाने सांगितलं, "मॅडम, फाइव्ह स्टार आहे."

"मोठ्यांचे पाच. मुलांचे किती?"

तो क्षणभर थांबला, म्हणाला, "एक मिनिट हां, विचारून येतो," आणि आत गेला. बहीण कडेवरच्या पोराला घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टे मोजू लागली.