भूकंपग्रस्तांचे मन आणि समाजाचे कर्तव्य

आपत्तीच्या वेळी धान्याची पोती, घोंगड्या व औषधे घेऊन धावून जाण्याची व्यापारी वर्गाची परंपरा जुनी आहे व तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पोटाला अन्न व डोक्यावर छप्पर मिळाले म्हणजे आपद्ग्रस्ताचे दुःख सरले काय, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

लातूर-उस्मानाबादचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आपल्या पेठेशी त्याचा तूर-डाळीचा व्यवहार पिढीजात. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंतचतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झाली, गणेशविसर्जन आटोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आदी गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सात हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

आमचे एक किरकोळ गिऱ्हाईक त्याच भागातले. वर्ष लोटले तरी मालमोटारीचा धडधडाट कानी पडताच ते तराजू टाकून दुकानाबाहेर धाव घेत. रात्री छताखाली निजत नसत. लोक म्हणत, यांचा धीर खचला. वस्तुतः ही भ्याडपणाची खूण नव्हे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या अवस्थेची स्वतंत्र व्याधी म्हणून नोंद केली. घडलेला प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण टाळणे, झोप उडणे, किंचित आवाजानेही दचकणे ही तिची लक्षणे होत. ती महिन्याहून अधिक काळ टिकली तर वैद्यकीय उपचार अवश्य घ्यावेत.

तथापि एकाच संकटातून वाचलेल्यांपैकी काही सावरतात, काही खचतात, असे का व्हावे? विविध आघातांविषयीच्या ७७ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा २००० साली प्रसिद्ध झाला. आघातानंतर माणसांचा आधार न लाभणे हे व्याधी जडण्याच्या प्रबळ कारणांपैकी एक असल्याचे त्यात आढळले.

या दृष्टीने किल्लारीचा धडा विचार करण्याजोगा आहे. तेथे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर लहान की मोठे, हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. त्यामुळे जुन्या गल्लीतले शेजारी विखुरले. घर सरकार बांधून देते. ओट्यावर बसून सुखदुःख ऐकणारा शेजार मात्र कोणासही बांधून देता येत नाही. याउलट, भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. समदुःखी सवंगडी, नियमित दिनक्रम आणि वडीलधाऱ्यांचा सहवास ही त्या कार्यातली मोलाची शिदोरी होय.

मदतीचा ओघ पहिल्या पंधरवड्यात मोठा असतो व पुढे आटतो. मनाची जखम मात्र त्यानंतरच ठणकू लागते. म्हणून आमची विनंती अशी की, आपल्या मंडळाने आपत्तीनंतर सहा महिन्यांनी व वर्षानेही त्या गावी जावे. कोणास घडलेले सांगण्याचा आग्रह करू नये. सांगू लागल्यास शांतपणे ऐकावे. ज्याचे दुकान बुडाले, त्यास उधारीवर माल देऊन पुन्हा गादीवर बसवावे; कारण गिऱ्हाइकांची ये-जा हाही माणसाला मोठा आधार असतो.

आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली आहेत. पहिली तीन आपण मुक्त हस्ते करतो. भूकंपग्रस्तास खरी निकड चौथ्याची असते, आणि त्यास पैशापेक्षा सवड अधिक लागते.