खाडीच्या वतीने तक्रार कोणी करायची?

कामोठ्याच्या कडेला, पनवेलच्या खाडीलगत खारफुटी आहे. तिच्यावर रात्री कोणी डंपरभर डेब्रिज ओतलं, तर कायद्याच्या लेखी अन्याय कोणावर झाला?

खाडीवर, असं अजून म्हणता येत नाही. न्यूझीलंडने 2017 मध्ये व्हांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा देऊन तिच्या वतीने बोलायला दोन जणांची तरतूद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला असा दर्जा दिला. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुरात माणसं दगावली तर भरपाई कोणाकडून मागायची, अशी उत्तराखंड सरकारची अडचण होती. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. देवस्थानची जमीन देवाच्याच नावावर असते की!

खारफुटीला संरक्षण मिळालं ते माणसाच्या हक्कातून. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 रोजी निकाल दिला: खारफुटीचा नाश म्हणजे घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. जमीन सरकारी असो वा खासगी, खारफुटीभोवती 50 मीटरपर्यंत बांधकाम नाही, राडारोडा नाही. उद्ध्वस्त झालेली खारफुटी पुन्हा उभी करणं सरकारचं काम.

पण खाडीवर पोट असलेल्यांचं काय? याचं उत्तर उरणच्या कोळ्यांनी मिळवलं. जेएनपीटी बंदराच्या भरावामुळे भरतीचं पाणी अडलं, मासेमारी बुडाली. राष्ट्रीय हरित लवादाने 27 फेब्रुवारी 2015 रोजी जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांना 1,630 कुटुंबांसाठी 95.19 कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. नदीला व्यक्ती म्हणण्यापेक्षा मला हा आदेश मोलाचा वाटतो. त्यात नुकसान कोणाचं आणि पैसे कोणी द्यायचे, दोन्ही ठरलं. 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला, तोही कलम 21 बरोबर समानतेच्या कलम 14 मधून. समुद्र चढेल तेव्हा पहिला फटका सखल भागातल्या वस्त्यांना आणि कोळीवाड्यांना बसणार, म्हणून हे समानतेचं कलम महत्त्वाचं.

कामोठेकरांनी एवढं करावं: भराव दिसला की तारीख-वेळेसह फोटो काढा, जागेची नेमकी खूण लिहा, तहसीलदार आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.