लिव्हरच्या गोळीचा भरवसा

चाकण, भोसरी, आकुर्डी, पिंपरीच्या आसपासच्या कुठल्याही भागातल्या मेडिकलमध्ये लिव्हरची आयुर्वेदिक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ती घेणाऱ्यांत पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे पडलेले रुग्ण थोडे असतात. बहुतेक जण अजून धडधाकट असतात, कामावर जातात, रात्री पितात आणि सकाळी न चुकता दोन गोळ्या घेतात. पिणे सुटत नाही, निदान यकृत तरी सांभाळू, हा त्यामागचा विचार. तो विचार मूर्खपणाचा नाही. आपल्या देहाची काळजी असलेला माणूसच असा विचार करतो, म्हणून त्याला खरे काय ते सांगितले पाहिजे. दारू चालू असताना यकृताला तिच्यापासून वाचवते असे सिद्ध झालेले एकही औषध आज उपलब्ध नाही; वनौषधींत नाही, आधुनिक औषधांतही नाही.

आधी दारूचा हिशेब पाहू. 180 मिलिच्या क्वार्टरवर 42.8 टक्के असे छापलेले असते. म्हणजे तिच्यात सुमारे 77 मिलि, वजनाने 60 ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर अकरा-साडेअकराला रिचवलेली क्वार्टर यकृताला सकाळी सहा-सातपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ कामाला लावते. या कामात अल्कोहोलपासून प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते. ते मूळ अल्कोहोलपेक्षा कितीतरी विषारी असते आणि पेशींतल्या प्रथिनांना जाऊन चिकटते. शिवाय हे काम चालू असेपर्यंत यकृताची चरबी जाळण्याची यंत्रणा मागे पडते, ती चरबी पेशींत साठते आणि सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असे शब्द येतात. रोज इतकी दारू वर्षानुवर्षे पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठतेच. पुढे काहींच्या यकृताला सूज येते, मग चट्टे पडू लागतात आणि रोज इतकी पिणाऱ्यांतल्या साधारण 10 ते 20 टक्के लोकांचे यकृत शेवटी आकसून गाठीगाठींचे होते. तोच सिरोसिस. हे सगळे रोज रात्री नव्याने घडत असते, आणि सकाळची गोळी त्यातला कोणता टप्पा थांबवते याचे उत्तर तिच्या पाकिटावर सापडत नाही.

मग या औषधांचा इतका लौकिक झाला कसा? माझ्या मते त्याची दोन मुळे आहेत. पहिले मूळ काविळीत आहे. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. (गरोदर बाईला झालेली ई कावीळ मात्र जीवघेणी ठरू शकते.) त्या काळात भुईआवळीचा रस घ्या, कुटकी घ्या किंवा गावातल्या कुणी दिलेली माळ गळ्यात घाला, श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. असे शेकडो अनुभव गावोगाव साठत गेले आणि ‘काविळीवर चालते ते लिव्हरवर चालते, लिव्हरवर चालते ते दारूवरही चालणार’ अशी साखळी तयार झाली. विषाणूची कावीळ येते आणि जाते. दारूचा मारा मात्र रोजचा असतो, हा फरक त्या साखळीत कुणी पाहिला नाही.

दुसरे मूळ श्रावणात आहे. गटारीला भरपूर पिऊन पुढचा महिनाभर थेंबही न घेणारे हजारो लोक या पट्ट्यात आहेत. दारू थांबली की दोन ते सहा आठवड्यांत यकृतातली साधी चरबी बरीचशी ओसरते आणि रक्तातली वाढलेली एन्झाइम्सही खाली येऊ लागतात. गणपतीच्या सुमारास कुणी एलएफटी ही यकृताची रक्ततपासणी करून घेतली तर त्यातले एसजीपीटी हे एन्झाइम उतरलेले दिसते, भूक सुधारलेली असते, आणि त्या महिन्यात गोळीही चालू असेल तर गुण गोळीचा ठरतो. महिनाभराच्या संयमाची नोंद कुठेच होत नाही. खरी गोळी घेणारे आणि औषध नसलेली बनावट गोळी घेणारे असे दोन गट करून, कुणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही कळू न देता तपासले, तरच श्रेय कुणाचे ते ठरवता येते.

अशी तपासणी झालेली आहे. लिव्ह-52 हे या वर्गातले सर्वांत प्रसिद्ध औषध 1955 मध्ये बाजारात आले. त्यात कासनी, कामोणी, अर्जुन, मंडूर भस्म वगैरे घटक आहेत. दारूमुळे सिरोसिस झालेल्या 188 युरोपीय रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्य वाढल्याचे दिसले नाहीच. उलट ज्यांचा आजार सर्वांत पुढे गेला होता त्यांच्यात औषध घेणाऱ्या गटात बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मृत्यू झाले. श्रीलंकेतल्या रुग्णांवर सहा महिने केलेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही लक्षणीय फायदा आढळला नाही. पाश्चात्त्य वनौषधीची गतही वेगळी नाही. मिल्क थिसल या काटेरी झाडापासूनचे सिलिमरिन जगभर विकले जाते. दारूने आणि हेपटायटिस बी-सीने यकृत बिघडलेल्या 915 रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून 2005 मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात मृत्यू कमी झाल्याचे ठामपणे दिसले नाही. हेच सिलिमरिन अनेक आधुनिक डॉक्टरही लिहून देतात, म्हणून हा आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपथी असा वाद नाही.

‘हजारो वर्षांचे शास्त्र खोटे कसे?’ असे कुणी विचारेल. शास्त्राकडेच पाहू. चरकाच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे दारूने होणारे आजार त्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. आणि रोगाचे कारण आधी दूर करायचे, निदान-परिवर्जन, हे आयुर्वेदाचे पहिले सूत्र आहे. कारण रोज पोटात जात असताना वर गोळी घेणे त्या सूत्रात बसत नाही. यकृत आणि प्लीहेसाठी दिली जाणारी कुमारी आसव, रोहितकारिष्ट यांसारखी औषधे आंबवूनच तयार होतात आणि त्यांत स्वतः निर्माण झालेले अल्कोहोल असते, हेही ध्यानात घ्यावे. बाटलीवर तसे लिहिलेले असते. दारू सोडायला धडपडणाऱ्या माणसासाठी ती ओळ फार महत्त्वाची आहे.

वनस्पतींत काहीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कुटकीवर मुंबईत ‘भवन्स स्पार्क’ या संशोधन केंद्राच्या संशोधकांनी केलेले काम 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या काविळीच्या 33 रुग्णांपैकी काहींना कुटकीचे चूर्ण आणि काहींना बनावट औषध दिले, आणि चूर्ण घेणाऱ्यांची कावीळ लवकर उतरली. प्रयोग छोटा होता, तरी प्रामाणिक पद्धतीने केलेला होता. पण तो काविळीवरचा होता, दारूवरचा नव्हता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बहुधा उंदरांना आधी वनस्पती देतात, मग विष टोचतात आणि यकृत किती वाचले ते पाहतात. वीस वर्षे पिणाऱ्या कामगाराचे यकृत त्या उंदरासारखे नसते. निसर्गातल्या गोष्टीतून सिद्ध औषधापर्यंत कसे जायचे, हे पिंपरीला शिकवायची गरज नाही. 1954 मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथल्या संशोधकांनी पिंपरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध वेगळे काढले. निसर्गातूनच घेतले, पण त्यातला कामाचा रेणू निवडला, मात्रा ठरवली, तपासणी केली. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला मात्र ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठी परवाना घेताना नव्याने परिणाम सिद्ध करावा लागत नाही. तेवढी सवलत दिल्यावर निदान अशा चाचण्या सरकारी खर्चाने व्हायला हव्या होत्या.

‘फायदा नसला तरी तोटा काय?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. 2020 मध्ये करोनाच्या भीतीने घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर हरकत घेतली आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली असू शकते असे म्हटले. पुढे देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ज्याचे यकृत दारूने आधीच थकले आहे त्याला असा धक्का पेलत नाही. कुटकी तर हिमालयातली दुर्मीळ वनस्पती आहे आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे. स्वस्त चूर्णात तिच्या नावाखाली काय येते याची खात्री गिऱ्हाइकाला नसते. पण याहून मोठा तोटा गमावलेल्या काळाचा आहे. गोळीवर विसंबून चार-पाच वर्षे जातात. एसजीपीटी ठीक दिसत असतानाही सिरोसिस झालेला असू शकतो, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर निर्धास्त राहता येत नाही. प्लेटलेट्सचा आकडा, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे यकृताचा ताठरपणा मोजणारा फायब्रोस्कॅन पाहावा लागतो. चट्टे पडण्याआधी दारू थांबली तर यकृत बहुतांशी सावरते, आणि सिरोसिस झाल्यावर थांबली तरीही आयुष्य वाढते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: सोडता येत नाही म्हणूनच तर लोक गोळी घेतात. हे खरे आहे, आणि म्हणून सोडणे हाच उपचाराचा विषय मानला पाहिजे. ज्याचे सकाळी हात थरथरतात, ज्याला घोट घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने एका रात्रीत दारू तोडू नये. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि वैद्यकीय देखरेख नसेल तर त्यात जीवही जातो. डॉक्टर त्यासाठी काही दिवसांची औषधे आणि थायमिन हे ‘ब-1’ जीवनसत्त्व देतात. पुढे ओढ कमी करणारी औषधेही आहेत. त्यांतले बॅक्लोफेन सिरोसिसच्या रुग्णांवरही तपासले गेले असून 2007 च्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी जास्त रुग्ण दारूपासून दूर राहिले. अर्थात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी राज्य विमा योजना आहे आणि चिंचवडला तिचे रुग्णालय आहे. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. सुट्टी मागायला गेल्यावर सुपरवायझरला कारण सांगायची लाज वाटते म्हणून यातल्या कुठल्याही दारापर्यंत न पोहोचणारे पुष्कळ आहेत. व्यसनावरच्या उपचारासाठी घेतलेली रजा कामगाराच्या नोकरीवर येणार नाही एवढी लेखी हमी कारखान्यांनी दिली, तर त्यांतले बरेच जण सिरोसिसच्या आधी दवाखान्यात येतील.