‘जादूघरां’तील ग्रंथ

फ्रीमेसन मंडळीच्या सभागृहास आपल्या देशांत लोकांनीं दोन नांवें ठेविलीं. एक ‘जादूघर’, आंतल्या गोष्टी बाहेर येत नाहींत, त्या अर्थीं आंत कांहीं तरी चेटूक असलें पाहिजे, हा त्यामागील सरळ तर्क. दुसरें फारसी वळणाचें ‘फरामोशखाना’, म्हणजे विसरण्याचें घर. आंत गेलेला मनुष्य बाहेर येतांच सारें विसरतो, म्हणून तर तो कोणास कांहीं सांगत नाहीं! मूळ फ्रेंच शब्दाच्या ध्वनीवरून कोणा विनोदी मनुष्यानें हें नांव जुळविलें असावें. गंमत अशी कीं, या घरांत जर एखादी गोष्ट मुळींच चालत नसेल, तर ती विसरणें हीच होय. दीक्षेचे तीन क्रम, त्यांतील प्रश्नोत्तरें, लांबच लांब भाषणें हें सर्व लॉजच्या अधिकाऱ्यांनीं तोंडपाठ म्हणावें, अशी तेथील रीत आहे.

परांडे तालुक्यांतील सोनारीस बसून असल्या विषयावर लिहिणें, म्हणजे काळभैरवनाथाच्या यात्रेंत विलायती वाद्यांचें दुकान मांडण्यासारखेंच आहे. मी त्या मंडळाचा सभासद नाहीं व होण्याचा विचारही नाहीं. परंतु जन्मभर मुलांकडून रूपें आणि श्लोक घोकून घेतलेल्या शिक्षकास पाठांतराचा हा पंथ पाहून कुतूहल वाटल्यावांचून कसें राहील? पाठांतरास वाचनाची जोड मिळाली म्हणजे काय घडतें आणि न मिळाली म्हणजे काय घडतें, हें पाहण्यास याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल. ज्या घरांत संध्या आणि सूक्तें पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत आहेत, पण नातवानें अर्थ विचारला असतां वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात, त्या घरांस हा प्रश्न परका नाहीं.

या पंथाचें मूळ खऱ्याखुऱ्या गवंड्यांत आहे. स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामाधिकारी विल्यम शॉ यानें १५९८ व १५९९ या सालीं दगड घडविणाऱ्या कारागिरांच्या लॉजांस नियम घालून दिले. त्यांपैकीं दुसऱ्या नियमावलींत कारागिरांची स्मरणविद्येंत परीक्षा घ्यावी, असें एक कलम आहे! छिन्नी चालविणाऱ्या हातास स्मरणशक्तीचा दाखला कशास हवा, असें आपणांस वाटेल. पण लिहितां न येणाऱ्या मनुष्याची पोथी म्हणजे त्याचें डोकें, हें आपल्या इकडील सुतार-पाथरवटांकडे पाहिलें तरी समजेल. पुढें गवंडी नसलेले विद्वान् व गृहस्थ या लॉजांत येऊं लागले. पुराणवस्तूंचा शोधक इलायस ॲशमोल यानें १६४६ मध्यें वॉरिंग्टन येथें दीक्षा घेतली. लंडनची ग्रँड लॉज १७१७ सालीं स्थापन झाली असें परंपरा सांगते, आणि १७२३ मध्यें जेम्स अँडरसन यानें तिचा नियमग्रंथ छापला. गुण्या, ओळंबा आणि कंपास हीं हत्यारें हातांतून सुटलीं व नीतीचीं प्रतीकें होऊन बसलीं.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो विल्यम प्रेस्टन. हा १७४२ सालीं एडिंबरो येथें जन्मला. तरुणपणीं तो टॉमस रडिमन या व्याकरणपंडिताचा लेखनिक होता. त्या वृद्ध पंडिताची दृष्टि गेलेली असल्यामुळें त्यास ग्रंथ वाचून दाखविणें हेंच प्रेस्टनचें विद्यापीठ झालें म्हणावयाचें. लंडनला आल्यावर तो स्ट्रॅहन नांवाच्या प्रसिद्ध मुद्रकाकडे नोकरीस राहिला आणि दुसऱ्यांच्या लेखनांतील चुका सुधारतां सुधारतां स्वतः बहुश्रुत झाला. मुद्रितें तपासणारा मनुष्य जितकें वाचतो, तितकें एखादा प्राध्यापकही वाचीत नसेल! या प्रेस्टननें ठिकठिकाणच्या जुन्या मेसनांस गांठून, त्यांच्या तोंडीं असलेले पाठ जमवून, निवडून त्यांची नीट मांडणी केली आणि १७७२ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या क्रमाच्या दीक्षितानें सात विद्यांचा अभ्यास करावा, हा उपदेश त्याच्या व्याख्यानांमुळें दृढ झाला. त्या सात विद्या अशा: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिति, संगीत आणि ज्योतिष. आपल्या कोणाही शास्त्र्यास ही यादी ओळखीची वाटेल. आपल्या पाठशाळांतून शिल्प व गायन वेगळ्या दारीं गेलें, एवढाच काय तो फरक. १८१८ मध्यें प्रेस्टन वारला तेव्हां दरसाल एक व्याख्यान व्हावें म्हणून त्यानें ३०० पौंड ठेविले. तें व्याख्यान मध्यंतरीं बंद पडलें होतें; १९२४ पासून पुन्हां सुरू झालें.

याच वृत्तीचीं माणसें पुढें लंडनांत एकत्र आलीं आणि १८८६ मध्यें ‘क्वातुओर कोरोनाती’ हें केवळ संशोधनासाठीं असलेलें लॉज सुरू झालें. दंतकथा बाजूस ठेवून कागदपत्रें पाहावयाचीं, निबंध वाचावयाचा, त्यावर वाद करावयाचा आणि मग तो छापावयाचा, ही त्याची पद्धति. सॉलोमन राजाच्या मंदिरापासून आपली परंपरा अखंड चालत आली, असें अभिमानानें सांगणाऱ्या बंधूंस या मंडळींनीं ‘पुरावा काय?’ असें विचारण्याची संवय लाविली. घरच्याच माणसानें घरच्या वंशावळींत खोड काढणें किती कठीण असतें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. माणेकजी करसेटजी नांवाचे एक पारशी गृहस्थ होते. पुढें ते स्मॉल कॉज कोर्टांत न्यायाधीश झाले. त्यांनीं दोन दारें ठोठावलीं. पहिलें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचें, म्हणजे ग्रंथालयाचें. १८०४ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत हिंदी मनुष्यास जागा नव्हती. बऱ्याच वादानंतर १८४० मध्यें माणेकजी तिचे पहिले हिंदी सभासद झाले. दुसरें दार फ्रीमेसनांचें. मुंबईंतील लॉजानें त्यांस नकार दिला, तेव्हां त्यांनीं पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. अखेर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या पुढाकारानें १८४३ च्या डिसेंबरांत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें हिंदी लोकांस मोकळें असलेलें लॉज मुंबईस निघालें. हिंदूंची अडचण आणखी वेगळी होती. अनेक देव मानणाऱ्यानें एका ईश्वराची शपथ कशी घ्यावी, असा प्रश्न साहेबांस पडे. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांस १८७२ मध्यें प्रवेश मिळाला, तोही पुष्कळ झगड्यानंतर. उपनिषदांचें एखादें भाषांतर त्या साहेबांनीं चाळलें असतें, तर तो झगडा एका संध्याकाळींच मिटला असता!

परंतु या विषयाचें खरें उदाहरण म्हणजे खरशेदजी रुस्तमजी कामा. जन्म १८३१, घराणें व्यापाऱ्यांचें. १८५४ मध्यें ते फ्रीमेसन झाले आणि १८५५ मध्यें दादाभाई नौरोजींबरोबर कामा आणि कंपनीच्या पेढीसाठीं इंग्लंडास गेले. पेढींत त्यांचें मन फार दिवस रमलें नाहीं. मिशी पिकूं लागण्याच्या वयांत नव्हे, तरी शाळा सुटून पुष्कळ वर्षें लोटल्यावर, हा व्यापारी पुन्हां विद्यार्थी झाला. पॅरिसांत मोल व ओपर्ट आणि जर्मनींत एर्लांगेन येथें श्पीगेल यांच्यापाशीं बसून त्यानें अवेस्ता व पहलवी या भाषांचें अध्ययन केलें.

त्या वेळीं पारशी दस्तुरांची स्थिति काय होती? अवेस्ता पाठ होता, स्वर पाठ होते, परंतु व्याकरण हरवलें होतें. अर्थ न जाणतां वेद घोकणारा मनुष्य हा भार वाहणाऱ्या खांबासारखा, असें निरुक्तांत म्हटलें आहे. तें तेथेंही लागू पडत होतें. मुंबईस परतल्यावर १८६१ पासून कामा यांनीं दस्तुरांच्या मुलांस तुलनात्मक व्याकरणाच्या पद्धतीनें, एक पैही न घेतां शिकविण्यास आरंभ केला. शेरियारजी भरुचा, तेहमुरस अंकलेसरिया यांच्यासारखे विद्वान् त्या वर्गांतून निघाले. संस्कृत येणाऱ्यास अवेस्ता किती जवळची आहे, हें मी येथें सांगत बसत नाहीं. एक ‘स’काराचा ‘ह’कार ध्यानांत घेतला कीं अर्धें कोडें सुटतें, आणि ‘सोम’ आणि ‘हओम’ शेजारी बसतात.

लॉजमध्येंही कामा यांचें वागणें असेंच होतें. ज्या विधींत ते स्वतः भाग घेत, त्यांचा अर्थ शोधण्यासाठीं ते वाचीत आणि वाचलेलें बंधूंपुढें मांडीत. मिथ्राची प्राचीन इराणी उपासना आणि मेसनांचे विधि यांच्या संबंधाविषयीं त्यांनीं १८७० नंतरच्या दशकांत व्याख्यानें दिलीं. तें अनुमान आजचे इतिहासकार मान्य करीत नाहींत, आणि माझ्या मतेंही तें ओढूनताणून आणलेलें आहे. पण चुकीच्या अनुमानासाठीं का होईना, मनुष्य चार भाषांतील ग्रंथ उघडतो, हें कांहीं कमी नव्हे. १९०४ मध्यें त्यांच्या दीक्षेस पन्नास वर्षें झालीं, तेव्हां बंधूंनीं मेजवानीवर भागविलें नाहीं. त्यांच्या गौरवार्थ निबंध लिहिले आणि डॉ. जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं संपादिलेला तो ग्रंथ १९०७ मध्यें प्रसिद्ध झाला. कामा १९०९ सालीं वारले. त्यांच्या नांवाची प्राच्यविद्यासंस्था मुंबईंत १९१६ पासून उभी आहे, आणि तेथील हस्तलिखितें पाहण्यास कोणतीही गुप्त खूण लागत नाहीं.

सगळेच मेसन असे होते असें मात्र कोणी समजूं नये. पुष्कळांस ओळखीपाळखी हव्या असतात, पुष्कळांस सभेनंतरचें भोजन. पाठ उत्तम म्हणतां आला म्हणजे झालें, अशी समजूत तेथेंही आहे, जशी आपल्या श्राद्धपक्षांत आहे. हिंदुस्थानची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ सालीं दिल्लीस स्थापन झाली. तिच्या छत्राखालीं आजही तीच वचनें म्हटलीं जातात, आणि त्यांचा अर्थ शोधणारे तेथेंही थोडेच असावेत.

एक गोष्ट राहिली. या परंपरेच्या लॉजांत स्त्रियांस आजही प्रवेश नाहीं. सात विद्यांचा उपदेश होतो, पण तो ऐकावयाचा पुरुषांनीं. ज्या माणेकजींस दोन दारांवर तिष्ठावें लागलें, त्यांच्या हें ध्यानांत आलें असावें. त्यांनीं घरांत इंग्रज शिक्षिका ठेवून आपल्या मुलींस शिकविलें, त्याबद्दल स्वजातीची टीका सोसली, आणि १८६३ मध्यें मुंबईस अलेक्झांड्रा या नांवानें मुलींची इंग्रजी शाळा काढली. ती शाळा फोर्टमध्यें आहे. फ्रीमेसनांचें सभागृहही त्याच फोर्टमध्यें आहे.